व्ही८ राहिलं, वजन वाढलं: हायब्रिड एम५ आणि सी६३ विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएमडब्ल्यूनं जून २०२४ मध्ये आपल्या वेगवान सेडानची, एम५ ची, सातवी पिढी दाखवली. ती हायब्रिड होती, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेची मोटर जोडलेली, आणि गाडीवेड्यांत सरळ दोन तट पडले. त्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, मर्सिडीजच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एएमजी विभागाच्या सी६३ वरून असाच धुरळा उडाला होता. दोन्ही वेळा तेच प्रश्न फिरून फिरून येतात, बहुतेकदा तावातावानं आणि आकडे न बघता. ते इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं तटस्थ ठेवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

नव्या एम५ मध्ये नेमकं काय बदललं? व्ही८ गेलं का?

नाही. ४.४ लिटरचं, दोन टर्बोंचं (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बॉनेटखाली आहेच. पदार्पणाच्या वेळी त्याची ताकद ५८५ पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ७५० न्यूटन-मीटर होता. नवी गोष्ट म्हणजे आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात बसवलेली १४५ किलोवॅटची, म्हणजे १९७ पीएसची मोटर. दोघांची मिळून ताकद ७२७ पीएस आणि टॉर्क १००० न्यूटन-मीटर. फरशीखाली बॅटरी आहे, तिची वापरता येणारी क्षमता १८.६ किलोवॅट-तास. नुसत्या विजेवर गाडी चाचणीच्या मापानं ६७ ते ६९ किलोमीटर जाते आणि ताशी १४० पर्यंत पळते.

थोडक्यात, ही फक्त ब्रेक लावताना थोडी वीज साठवणारी साधी हायब्रिड नाही. प्लग लावून चार्ज करायची गाडी आहे, आणि बहुतेक भांडण त्या प्लगपासूनच सुरू होतं.

५८५ आणि १९७ ची बेरीज ७८२ होते. मग कंपनी ७२७ का सांगते?

इंजिन आणि मोटर आपापल्या शिखरावर एकाच वेळी पोचत नाहीत. मोटर शून्य आरपीएमपासून पूर्ण जोर लावते, पण वेग चढला की तिचा टॉर्क उतरतो. इंजिनाचं उलट, त्याची कमाल ताकद वरच्या आरपीएमला येते. त्यामुळे एका ठरावीक क्षणी मिळणारी सर्वाधिक ताकद ही दोन शिखरांच्या बेरजेपेक्षा कमीच असते.

यातली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मोटरचा स्वतःचा टॉर्क २८० न्यूटन-मीटर आहे. पण गिअरबॉक्समध्ये शिरण्याआधीच एका छोट्या गिअर-टप्प्यातून तो वाढवून ४५० न्यूटन-मीटरच्या तोडीचा केला जातो. मोठी आणि जड मोटर न बसवता तिच्याकडून जास्त काम काढून घेण्याची ही युक्ती आहे. ज्या गाडीला सगळे वजनावरून झोडपतात, तिच्यात किलो वाचवायलाही कोणीतरी डोकं लावलंय, हे नोंदवायला हवं.

पण हे मागितलं कोणी? एम५ च्या गिऱ्हाईकानं तर नाही!

गिऱ्हाईकानं नाही, नियमानं मागितलं. युरोपीय संघात कार्बन डायऑक्साइडची मर्यादा एका गाडीला नसते. कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी मोजली जाते. संघाचं लक्ष्य २०२० ते २०२४ मध्ये किलोमीटरला ९५ ग्रॅम होतं, २०२५ पासून ते आणखी कडक झालंय. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं लक्ष्य ठरवून दिलेलं असतं, आणि ते ओलांडलं तर जास्तीच्या दर ग्रॅममागे, विकलेल्या दर गाडीमागे ९५ युरो दंड. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला एक ग्रॅमही महागात पडतो.

आता प्लग-इन हायब्रिडचा कागदावरचा चमत्कार बघा. पदार्पणाच्या वेळी या एम५ चा अधिकृत आकडा होता १०० किलोमीटरला १.७ लिटर आणि किलोमीटरला ३९ ग्रॅम. आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरला जवळपास ५९ किलोमीटरचं ॲव्हरेज, तेही ७२७ पीएसच्या गाडीला. हा आकडा खोटा नाही, पण तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते फारच उदार आहे: मालक गाडी नेमानं चार्ज करेल आणि बराचसा प्रवास विजेवरच करेल. बॅटरी रिकामी असताना हीच गाडी १०० किलोमीटरला १० लिटरच्या वर पेट्रोल पिते.

ही पळवाट सगळ्यांनाच ठाऊक होती. युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचीच आकडेवारी तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साधारण साडेतीन पट निघालं. त्यानंतर हे गृहीतक टप्प्याटप्प्यानं आवळायला सुरुवात झाली.

माझं मत असं: ही गाडी आधी हिशेबाच्या वहीत जन्मली आणि नंतर इंजिनिअरांच्या टेबलावर आली. पण व्ही८ विकत राहायचं असेल तर मोटर हवीच, असा सौदा होता. व्ही८ वाचवल्याबद्दल टाळ्या वाजवायच्या आणि बॅटरीला शिव्या द्यायच्या, हे एकाच दमात करता येत नाही.

वजन खरंच २४३५ किलो आहे का?

हो. मागच्या पिढीच्या एम५ ची कॉम्पिटिशन नावाची जास्त ताकदवान आवृत्ती १९०० किलोंच्या आसपास होती, म्हणजे पाच क्विंटलांहून जास्त वाढ. त्याच सांगाड्यावरची पूर्ण इलेक्ट्रिक आय५ एम६० सुद्धा हिच्यापेक्षा हलकी आहे. १९८० च्या दशकातल्या पहिल्या एम५ शी तुलना केली तर फरक सुमारे एक टनाचा पडतो.

दर टनामागे ताकद काढली की गंमत कळते. मागच्या कॉम्पिटिशनची ६२५ पीएस, म्हणजे टनाला साधारण ३३० पीएस. नवीची ७२७ पीएस, पण टनाला जेमतेम ३००. म्हणूनच शंभर पीएस वाढूनही ० ते १०० चा आकडा सुधारला नाही, उलट घसरला. कॉम्पिटिशनला ३.३ सेकंद लागायचे, नवीला ३.५ लागतात. मागच्या पिढीतली खास आवृत्ती एम५ सीएस तर ३ सेकंदांत हे काम उरकायची.

सरळ रेषेतल्या त्या ०.२ सेकंदांनी कोणाचं काही बिघडत नाही. वजनाचा खरा हिशेब ब्रेक आणि टायर चुकते करतात. एकाच वेगावरून थांबवताना नव्या गाडीच्या ब्रेकना आणि मोटरला मिळून जुनीच्या साधारण सव्वापट ऊर्जा जिरवावी लागते. आणि डावीकडून लगेच उजवीकडे अशी जोडवळणं आली की गाडीचं अंग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला यायला क्षणभर जास्त घेतं. मागची चाकं वळवणारी यंत्रणा आणि धक्के शोषणारे इलेक्ट्रॉनिक डँपर हे बरंच लपवतात. बॅटरी तळाशी असल्यानं गुरुत्वमध्य खाली राहतो, त्याचाही उपयोग होतो. पण लपवणं निराळं आणि नसणं निराळं.

मग लॅप टाइम चांगला कसा आला?

याच यंत्रणेची एम५ टूरिंग, म्हणजे इस्टेट आवृत्ती, जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकच्या २०.८ किलोमीटरच्या फेरीत साडेसात मिनिटांच्या आत आली. इतक्या जड गाडीसाठी हा आकडा थक्क करणारा आहे, आणि "जड म्हणजे मंद" म्हणणाऱ्यांना तेवढं उत्तर पुरे.

मात्र जे म्हणतात "जड म्हणजे हाताला जड", त्यांना लॅप टाइम उत्तर देऊ शकत नाही. घड्याळ वेग मोजतं, स्टिअरिंगमधून काय कळतं ते मोजत नाही. ही दोन मंडळी एकमेकांशी भांडतात तेव्हा खरं तर ती दोन वेगळ्या विषयांवर बोलत असतात.

एम५ वर टीका झाली, पण सी६३ वर लोक एवढे का चिडले?

कारण तिथे व्ही८ काढून घेतलं. १९९७ च्या सी४३ पासून, मधली व्ही६ वाली सी३२ सोडली तर, सी-क्लासच्या वरच्या एएमजीला व्ही८ होतं. २००७ च्या पहिल्या सी६३ ला तर ६.२ लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन होतं. त्यानंतरच्या पिढीत ४ लिटरचं ट्विन-टर्बो आलं, सी६३ एस मध्ये ५१० पीएसचं. आणि मग २०२२ मध्ये त्याच नावाखाली २ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन.

इंजिनिअरिंग म्हणून ते इंजिन अफाट आहे. एकटंच ४७६ पीएस देतं, आणि उत्पादनातलं जगातलं सर्वांत ताकदवान चार सिलिंडर म्हणूनच ते सादर झालं. टर्बोच्या दांड्यावर छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे. एक्झॉस्टचा दाब तयार होण्याआधीच ती टर्बो फिरवायला लागते, त्यामुळे टर्बो लॅग, म्हणजे टर्बो जोर धरेपर्यंतचा उशीर, जवळजवळ जातो. मागच्या ॲक्सलवर २०४ पीएसची दुसरी मोटर, तिला स्वतःचा दोन गिअरचा गिअरबॉक्स. एकूण ६८० पीएस, १०२० न्यूटन-मीटर. इंजिन एकाच कारागिरानं जोडायचं आणि त्यावर त्याच्या सहीची पट्टी लावायची, ही एएमजीची रीतही सोडलेली नाही.

तरीही सही कोणाची आहे यापेक्षा कशावर आहे हे लोकांनी बघितलं. वजन २१११ किलोंवर गेलं, जुनीपेक्षा साडेतीनशेच्या वर जास्त. फक्त मागच्या चाकांवर चालणारी सी६३ संपली, चारही चाकांची आली. आणि बॅटरी फक्त ६.१ किलोवॅट-तासांची, विजेवर जेमतेम १३ किलोमीटर. म्हणजे व्ही८ गेलं, मागच्या चाकांचा खेळ गेला आणि बदल्यात रोज विजेवर कामाला जाण्याची सोयही नाही.

एएमजीचं म्हणणं होतं की ही बॅटरी पल्ल्यासाठी नाहीच, झटपट वीज देण्या-घेण्यासाठी आहे. तिचे ५६० सेल थेट द्रवात भिजवून थंड केले जातात. तांत्रिकदृष्ट्या मुद्दा बरोबर आहे. शोरूममध्ये मात्र असा मुद्दा विकला जात नाही.

म्हणजे वाद हायब्रिडचा नाहीच?

माझ्या मते नाही, आणि त्याला पुरावा आहे. पुन्हा टनामागची ताकद घ्या. एम५ ची कमी झाली, ३३० वरून ३०० वर. सी६३ ची वाढली, साधारण २९० वरून ३२० वर. तरीही जास्त शिव्या खाल्ल्या त्या सी६३ नं. प्रश्न कामगिरीचा किंवा विजेचा असता तर हे उलट व्हायला हवं होतं.

दुसरी गोष्ट. सी६३ च्या आधी, २०२१ मध्ये, एएमजीनं जीटी ६३ एस ई परफॉर्मन्स ही चार दारांची गाडी आणली होती. बॅटरी तीच, ६.१ किलोवॅट-तासांची. मागच्या ॲक्सलवर तशीच मोटर. फक्त पुढे व्ही८, एकूण ८४३ पीएस. तिच्यावरून असं रणकंदन झालं नाही. बेंटलीनं २०२४ मध्ये फ्लाइंग स्परमधलं बारा सिलिंडरचं डब्ल्यू१२ काढून व्ही८ आणि मोटर दिली, ताकद ७८२ पीएस झाली. तिथेही थोडी हळहळ झाली, इतकंच.

लोकांना मोटर जोडल्याचा राग येत नाही. इंजिन कापल्याचा येतो. कंपन्यांच्या जाहिरात विभागाला हे कळायला वेळ लागला.

आवाजाचं काय? स्पीकरमधून आवाज सोडतात हे खरं का?

खरं आहे, आणि ते हायब्रिडपासून सुरू झालेलं नाही. २०११ च्या एम५ मध्येच केबिनच्या स्पीकरमधून इंजिनाचा आवाज वाढवायला सुरुवात झाली होती.

चार सिलिंडरच्या आवाजाला लोक नाकं का मुरडतात, याचं कारण भावनिक वाटतं पण ते मोजता येतं. व्ही८ मध्ये क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) एका फेरीत चार स्फोट होतात, चार सिलिंडरमध्ये दोन. ६००० आरपीएमला पहिल्याचा मूळ सूर ४०० हर्ट्झ, दुसऱ्याचा २००. त्यात व्ही८ च्या दोन बाजूंच्या स्फोटांचा क्रम आणि एक्झॉस्टची रचना यांतून जी घरघर तयार होते, ती चार सिलिंडरमध्ये मुळातच नसते. स्पीकरनं ती उसनी आणता येते, पण कानाला कळतं.

हायब्रिडचा एक अनपेक्षित फायदा मात्र आहे. पहाटे निघताना गाडी विजेवर गुपचूप बाहेर पडते, शेजारीपाजारी जागे होत नाहीत. शौकीन मंडळी हे मोठ्यानं कबूल करत नाहीत.

विजेवर चालताना इंजिन थंडच राहतं. एकदम पेडल दाबलं तर नुकसान?

चांगला प्रश्न आहे, पण फार कमी जण विचारतात. १९९८ च्या एम५ मध्ये आरपीएमच्या तबकडीभोवती छोटे दिवे होते. तेल थंड असताना वरच्या आकड्यांपाशी ते पेटलेले असायचे आणि तेल तापत जाईल तसे एकेक विझायचे. चालकाला सरळ निरोप: अजून थांब. हायब्रिडमध्ये हा निरोप कॉम्प्युटर सांभाळतो. इंजिन जागं झालं तरी ते तापेपर्यंत मोटर जास्त भार उचलते. तरीही हायवेला लागण्याआधी काही किलोमीटर इंजिन चालू ठेवणारा मोड निवडणं शहाणपणाचं. जुन्या सवयी सगळ्याच टाकाऊ नसतात.

ट्रॅकवर बॅटरी संपली की गाडी ढेपाळते का?

पूर्ण संपू देतच नाहीत. ब्रेक लावताना आणि गरज पडेल तिथे इंजिनाकडून वीज परत भरली जाते, आणि थोडा साठा कायम राखून ठेवला जातो. पण पूर्ण जोर सतत मिळत नाही, हे खरं. सी६३ ची बॅटरी १५० किलोवॅट देते ती १० सेकंदांपुरती, सलग द्यायची ताकद ७० किलोवॅट. एम५ मध्ये त्यासाठी डायनॅमिक आणि डायनॅमिक प्लस असे वेगळे मोड आहेत. पहिला बराच वेळ टिकेल अशी वीज खर्च करतो, दुसरा सगळं एकदम ओततो.

ब्रेक पेडल कसं लागतं?

हळू वेगात किंचित कृत्रिम. पायाच्या दाबातला किती भाग मोटरनं वीज करण्यात घालायचा आणि किती ब्रेक पॅडकडे द्यायचा, हे सॉफ्टवेअर ठरवतं. जोरात दाबलं की फरक जाणवत नाही.

एम५ च्या प्रत्येक पिढीला लोकांनी नावं ठेवलीच होती ना?

ठेवली होती, आणि हायब्रिडचे समर्थक हा मुद्दा हटकून काढतात. सहा सिलिंडर जाऊन व्ही८ आलं तेव्हा कुरकुर झाली. २००५ मध्ये ८००० च्या वर आरपीएम घेणारं व्ही१० आलं. आज लोक त्याची पूजा करतात, तेव्हा मात्र त्याच्या गिअरबॉक्सला धक्के मारतो म्हणून नावं ठेवत होते. २०११ ला टर्बो आले, २०१७ ला चारही चाकांना ताकद गेली. दर वेळी "आता ही खरी एम५ राहिली नाही" हे वाक्य ठरलेलंच.

तरी हा युक्तिवाद अर्धाच आहे. आधीच्या प्रत्येक बदलात काही गमावलं तर काही ठळक कमावलंही होतं. २०१७ च्या गाडीत चारही चाकांची ताकद देताना एक बटण मागच्या चाकांसाठी राखलं, आणि तक्रार तिथेच विरली. ते बटण नव्या गाडीतही आहे. पण पाच क्विंटल उतरवायचं बटण कोणत्याच गाडीत नसतं. ही तक्रार काळाच्या ओघात विरेल असं मला वाटत नाही.

हलकी हायब्रिड शक्यच नाही का?

शक्य आहे, फक्त प्लगचा नाद सोडावा लागतो. पोर्शनं २०२४ मध्ये ९११ जीटीएसला हायब्रिड केलं. १.९ किलोवॅट-तासांची छोटी बॅटरी, टर्बोमध्ये मोटर, गिअरबॉक्समध्ये मोटर, आणि वजन वाढलं ते सुमारे ५० किलो. न्यूरबुर्गरिंगला ती आधीच्या गाडीपेक्षा ८.७ सेकंदांनी वेगवान ठरली. ती सेडान नाही, मान्य. पण तिला ६० किलोमीटर विजेवर जायचं नव्हतं, म्हणून कागदावरची सवलतही मिळाली नाही. एम५ ला ती सवलत हवी होती. वजनाची सगळी गोष्ट तिथे येऊन थांबते.

घरी चार्जिंग नसेल तर एम५ घ्यावी का?

नाही. चार्ज न करता वापरली तर तुम्ही रोज एक मोठी बॅटरी आणि मोटर फुकट वाहून नेता. फास्ट चार्जिंगची सोय नाही. पदार्पणाच्या वेळी कमाल ७.४ किलोवॅटनं चार्ज व्हायची, म्हणजे रिकामी भरायला तीन तासांहून थोडं जास्त. डिकीही ४६६ लिटरची, मागच्या पिढीपेक्षा लहान. उलट घरी प्लग असेल आणि रोजचं जाणं-येणं पन्नासेक किलोमीटरच्या आत असेल, तर आठवडाभर पेट्रोल न जाळता रविवारी व्ही८ चालवणारी दुसरी सेडान सापडणं अवघड.

एएमजी पुन्हा व्ही८ कडे वळतेय का?

नवं व्ही८ तयार करत असल्याचं कंपनीनं २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. गिऱ्हाइकांची नाराजी थेट मुख्यालयापर्यंत पोचल्याचं याहून स्पष्ट लक्षण कुठलं असणार!

टेस्ट ड्राइव्हला काय तपासावं?

शोरूमवाले बॅटरी पूर्ण भरलेली गाडी देतात. ती घ्या, पण काही अंतर बॅटरी जवळपास रिकामी झाल्यावरही चालवायला मागा, कारण लांबच्या प्रवासात तुम्हाला तीच गाडी मिळणार आहे. स्पीकरचा आवाज सेटिंगमधून बंद होत असेल तर बंद करा. सिग्नलला अगदी हळू येऊन थांबा आणि शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पेडलाकडे लक्ष द्या. एक डावं-उजवं जोडवळण शोधून तिथून दोनदा जा, एकदा आरामात आणि एकदा जरा जोरात. शक्य असेल तर त्याच दिवशी मागच्या पिढीची गाडीही चालवून बघा, आणि आधी नवी चालवा, मग जुनी.